आंब्याखालच्या गच्च सावलीत सह्याद्रीतली रानफुलं लावता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागे जुना आंबा, पलीकडे घराची उत्तरेकडची भिंत, मधल्या पट्ट्यात ऊन येत नाही. गुलाब, झेंडू, शेवंती सगळं लावून झालं, काहीच तग धरत नाही. पावसाळ्यात घाटातल्या जंगलात झाडांखाली फुलं पाहिलीत. ती इथे येतील का, आणि त्यांचे कंद आणायचे कुठून?

येतील, आणि चांगली येतील. अट एकच, आणि तीच बहुतेकांना जड जाते: दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत त्या वाफ्याला पाणी घालायचं नाही आणि तिथला पाला झाडायचा नाही.

आधी एक गल्लत दूर करू. रानफुलं म्हटलं की लोक कासचे फोटो समोर ठेवतात आणि तीच यादी करतात. कास हा सडा आहे. जांभ्या खडकावर बोटभर माती, वर उघडं आभाळ. सोनकी, कवला ही उन्हाची पोरं, आंब्याखाली ती लांबुळकी होऊन आडवी पडतील. तुम्हाला हवीत ती जंगलाच्या तळाची झाडं: ज्यांना गाळून आलेला उजेड पुरतो, कुजलेल्या पाल्याची भुसभुशीत माती लागते, आणि ज्यांचा सगळा संसार जून ते ऑक्टोबर एवढ्यात उरकतो. उरलेले महिने ती जमिनीखाली कंदाच्या रूपात झोपलेली असतात. सावलीत ही तऱ्हा सोयीची आहे. गेल्या वर्षीचा साठा कंदात असतो, त्यामुळे फूल किंवा पहिलं पान काढायला उजेडाची वाट बघावी लागत नाही. पाऊस पडला की कोंब वर. मग चार महिने पानं पसरून पुढच्या वर्षाची बेगमी करायची आणि पुन्हा खाली जायचं.

आता ही झोपलेली असताना आपण काय करतो? वाफा ओसाड दिसतो म्हणून नळी सोडतो. ओल्या मातीत निजलेला कंद कुजतो. जूनमध्ये उगवत नाही, आणि आपण म्हणतो, रानातली झाडं घरी जगत नाहीत. ती थंडीने मरत नाहीत, उन्हाळ्याने तर नाहीच नाही, आपल्या पाण्याने मरतात.

गंमत म्हणजे आंब्यालाही हेच हवं असतं. मोहोर यायच्या आधी आंब्याच्या बुंध्याला पाण्याचा ताण बसला तर मोहोर चांगला धरतो, म्हणून बागायतदार पाऊस संपल्यावर पाणी तोडतात. म्हणजे तुमचं वरचं झाड आणि खालची फुलं यांचं वेळापत्रक आधीच जुळलेलं आहे.

उत्तरेच्या भिंतीबद्दलही घाबरू नका. आपल्या अक्षांशावर, म्हणजे मुंबई-पुण्याच्या आसपास, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळी तर तो स्पष्टच उत्तरेकडून येतो. त्यामुळे ज्या भिंतीच्या कडेला डिसेंबरात दिवसभर लांबच लांब सावली पडते, तिथे नेमका पावसाळ्याच्या तोंडावर उजेड असतो. ढगांतून झिरपलेला का होईना, या झाडांना तेवढा हवाच असतो. हिवाळ्यातल्या सावलीशी त्यांना देणंघेणं नाही.

जमिनीची तयारी करताना कुदळ चालवू नका. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात. सगळा पट्टा खणून काढलात तर झाडाला इजा होईल, आणि त्या मोकळ्या मातीत आंबाच पुन्हा मुळं घुसवेल. बुंध्यालगतची हात-दोन हात जागा रिकामी सोडा, खोडाला माती चढवू नका. बाकी ठिकाणी पाला घाला. आंब्याचं पान जाड आणि चिवट, लवकर कुजत नाही, नुसतंच पसरलं तर पत्र्यासारखा थर बसतो आणि कोंबांना वाट मिळत नाही. ते चुरून त्यात मऊ पानं मिसळा. शिरीष, पांगारा, शेवगा, जे हाती लागेल ते. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत गोळा केलेला ढीग एक पावसाळा खाऊन काळा, हलका होतो. तसा कुजका पाला दरवर्षी दोन-तीन इंच पसरला की खत वेगळं द्यायची गरज नाही. शेणखत हात राखूनच घाला, युरिया तर नकोच. पानं माजतात, फूल येत नाही. आंब्याच्या खालच्या एक-दोन फांद्या काढता आल्या तर आंबे उतरल्यावर काढा. उजेडात मोठा फरक पडतो.

लावायचं काय? सुरुवात रानहळदीने करा. तिलाच शिंदळवाण म्हणतात. पहिल्या चांगल्या पावसानंतर काही दिवसांत जमिनीतून कणीस वर येतं. ते एकदा खाली बसून नीट बघा. वरचा गुलाबी तुरा म्हणजे फूल नव्हेच, ती रंगलेली पानं आहेत, किड्यांना बोलावण्यासाठी लावलेली. खरं फूल खाली. हिरव्या पानांचे खिसे एकावर एक रचलेले असतात, त्यांत पावसाचं पाणी साठतं, आणि एकेका खिशातून हळदीच्या रंगाचं छोटं फूल डोकावतं. फुलं एकदम उमलत नाहीत, थोडी थोडी उमलतात, त्यामुळे कणीस बरेच दिवस टिकतं. मोसमाच्या सुरुवातीची कणसं थेट जमिनीतून, पानांच्या बाजूने येतात. नंतरची पानांच्या मधोमध. कंद मेमध्ये लावा, दोन-तीन इंच खोल, डोळा वर करून. मुळांच्या टोकांना लांबट गाठी लोंबत असतात, त्या साफसफाईच्या नादात तोडू नका. पाण्याचा आणि अन्नाचा साठा त्यांत असतो. ऑक्टोबरच्या शेवटी पानं पिवळी पडली की समजा, झोपायची वेळ झाली. पानं कापू नका, आपोआप वाळू द्या. हिरवी असेपर्यंत ती कंदाकडे अन्न पाठवत असतात.

मागच्या बाजूला, भिंतीलगत, पेव लावा. पुरुषभर उंच होतो, दांड्याभोवती जिन्यासारखी चढत जाणारी पानं, आणि श्रावण-भाद्रपदात लाल बोंडातून निघणारी चुरगळलेल्या रेशमासारखी पांढरी फुलं. कंदापासून येतो, दांड्याच्या तुकड्यांपासूनही येतो. खरं तर येतो यापेक्षा पसरतो म्हटलं पाहिजे, दोन-तीन वर्षांनी त्याला आवर घालावा लागेल. रोपवाटिकेत पेव म्हणून हटकून 'इन्सुलिन प्लांट' गळ्यात मारतात. ते दक्षिण अमेरिकेतलं, नारिंगी फुलांचं बुटकं झाड आहे. फूल बघून घ्या.

अगदी पुढच्या कडेला काळी मुसळी शोभते. पानं ताडाच्या कोवळ्या रोपासारखी घडीची, आणि मातीला टेकलेली सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी. वरवर बघणाऱ्याला दिसतही नाही. औषधासाठी हिची मुळं रानातून बेसुमार उपटली जातात, तेव्हा बागेत चार रोपं असणं बरंच. भुईचाफाही तिथेच चालेल. त्याचं सुगंधी फूल वळवाच्या सुमारास येतं, पानाचा पत्ता नसताना, थेट मातीतून. पानं मागाहून.

पावसाळा संपला की वाफा रिकामा दिसेल, ही तुमची पुढची तक्रार असणार. त्यावर दशमुळी. कमरेएवढं झुडूप, जंगलाच्या तळाशीच वाढणारं, डिसेंबर ते मार्च निळी फुलं. सुकताना ती तांबूस होतात, त्यामुळे एकाच तुऱ्यात दोन रंग दिसतात. मला विचाराल तर सावलीच्या बागेसाठी याच्याइतकं गुणी झाड नाही, आणि रोपवाटिकावाल्यांना त्याचं नाव सांगितलं तर ते आयुर्वेदाच्या दुकानाचा रस्ता दाखवतात. गजकर्णी, पांढरी फुलं, हीसुद्धा सावलीत खुशाल राहते आणि फांदीपासून सहज होते. भारंगी लावायची तर जिथे थोडं ऊन झिरपतं तिथे. या झुडपांना पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी लागेल, म्हणून त्यांना कंदांच्या मध्ये न लावता एका टोकाला एकत्र लावा.

तेरडा कडेला, जिथे सावली विरळ होते तिथे. रानटी, एकेरी पाकळ्यांचा गुलाबीच घ्या. बोंडं हात लागताच फुटतात आणि बी उडतं, म्हणून पिकत आलेल्या बोंडावर तलम कापडाची पिशवी बांधायची. एकदा रुजला की पुढच्या वर्षी तुम्ही विसरलात तरी तो विसरत नाही. पागोळ्यांचं पाणी टपकतं तिथे शेवाळलेला जांभ्याचा चिरा ठेवून त्याच्या खाचेत रानबिगोनियाचे कंद बसवता येतात. ती मातीपेक्षा ओल्या दगडावर खूश असते.

सापकांद्याबद्दल तुम्ही विशेष विचारलंय. त्याचा नागाच्या फण्यासारखा पांढरा फणा आवडला असेल. झाड विलक्षण आहे: कंद लहान असतो तोवर नुसतं नर फूल देतो, कंद पोसला की मादीपणा येतो, आणि पुढे अन्नसाठा घटला तर पुन्हा नराकडे वळतो. पण ते घाटमाथ्याच्या गारव्यातलं. उंचीवर राहत असाल तर जरूर लावा, सखल उष्ण गावात त्याच्यामागे लागू नका. त्यापेक्षा शेवळा सोपा, मात्र फुलाला वास येतो, खिडकीखाली नको. बाजारात मिळणारी शेवळं रुजत नाहीत. तो फुलोरा असतो, कंद रानातच राहिलेला असतो. सापकांदा, शेवळा दोन्हींच्या रसाने खाज सुटते. कळलावीचा कंद तर विषारी, जीवावर बेतणारा. घरात लहान मूल किंवा माती उकरणारा कुत्रा असेल तर ती लावूच नका.

कंद कुठून आणायचे? रानातून नाही. राखीव वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान इथून झाड किंवा कंद उपटणं गुन्हा आहे. भारतीय वन अधिनियम 1927 सालचा आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 सालचा, दोन्ही लागू होतात. कायदा बाजूला ठेवला तरी, फुललेलं असताना उपटलेलं झाड बहुधा मरतंच, कारण त्याचा साठा तेव्हा फुलापानांत खर्ची पडलेला असतो. स्थानिक झाडांच्या रोपवाटिका आता बऱ्याच झाल्यात, वनस्पतिशास्त्र विभाग असलेल्या काही महाविद्यालयांत जादा रोपं मिळतात. ज्यांच्या परसात रानहळद आहे ते कंद आनंदाने देतात, कारण दर काही वर्षांनी गड्डा विरळ करावाच लागतो. मागायची वेळ जानेवारी ते मे.

जमिनीवरची आमरी, म्हणजे ऑर्किड, मात्र सोडून द्या. तिच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठाच नसतो, मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या मदतीशिवाय ती रुजत नाही. मोठी झाल्यावरही बुरशीशी नातं तुटलं की खंगत जाते. तुमच्या वाफ्यात ती बुरशी असेलच असं नाही.

जूनमध्ये खरा शत्रू गोगलगाय, त्यातही मोठी आफ्रिकी. कोवळा कोंब एका रात्रीत फस्त. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हातमोजे घालून. मीठ वाफ्यात टाकू नका, माती बिघडते. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांना घातक असतात, त्यांपेक्षा आयर्न फॉस्फेटच्या बऱ्या.

माती कोणती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. लाल, उताराची असेल तर वर सांगितलं तेवढं पुरे. काळी चिकण असेल तर ती पावसात पाणी धरून ठेवते आणि कंद वाढीच्या काळातही सडतात. तशा मातीत खणण्याऐवजी दगडांची कड लावून वीतभर उंच वाफा करा, खोडापासून लांब, आणि त्यात मुरूम, जाड वाळू व कुजका पाला सारख्या प्रमाणात भरा. संपूर्ण पट्टा झाकू नका, मध्ये मोकळ्या फटी ठेवा, म्हणजे आंब्याच्या मुळांना हवा मिळेल.