खाडीचं दुखणं डोंगरात शोध

पाटण, जि. सातारा
मेचा शेवटचा आठवडा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा गच्चीवर कुरडया राखत बसलो होतो. कावळ्यांशी भांडता भांडता धड बोलणं झालं नाही, म्हणून हे पत्र. नोकरी चिपळूणला, काम दाभोळची खाडी सावरायचं, आणि तू म्हणतेस, "काका, मी खानापूर तालुक्यातली. समुद्र बघितला तो शाळेच्या सहलीत. खाडीतलं मला काय कळणार?" खरं सांगू? टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेल्या पोरीला पाणी कुठून येतं नि कुठं जातं हे विचारायची सवय असते. या कामात तेवढी सवय असली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं शिकता येतं.

रुजू व्हायला जाशील तेव्हा कराड–चिपळूण एसटीनं जा, आणि कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर उतर. कंडक्टर कुरकुर करेल, करू दे. तिथं माथ्याच्या अलीकडं पडलेला पाऊस कोयनेत जातो, कराडला कृष्णेला मिळतो, सांगलीत आयर्विन पुलाखालून जातो आणि शेवटी बंगालच्या उपसागराला लागतो. पलीकडं पडलेला वाशिष्ठीत उतरतो, चिपळूण, गोवळकोट करत दाभोळला अरबी समुद्रात. तुझी खाडी या माथ्यावर सुरू होते. गोवळकोटच्या धक्क्यावर नाही. ऑफिसात नकाशा लावतील त्यात खाडी निळी रंगवलेली असेल आणि डोंगर पांढरा सोडलेला असेल. पहिल्या दिवशी पेन्सिलीनं तो पांढरा भाग भरून काढ.

आता यातली गंमत ऐक. हा माथा देवानं घातलेला बांध, पण माणसानं त्याला भोक पाडलंय. १९६४ साली कोयना धरण झालं. शिवसागराचं पाणी बोगद्यांतून घाटाखालच्या पोफळीला नेऊन वीज केली, तेच पाणी पुढं कोळकेवाडीला पुन्हा वापरलं आणि वाशिष्ठीत सोडलं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं पश्चिमेकडं वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मुभा दिली. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर, गुणाकार तू कर. म्हणजे आमच्या पाटण, जावळीचं पाणी तुझ्या खाडीत उतरतं, आणि तेही भर उन्हाळ्यात, जेव्हा कोकणातल्या बाकीच्या नद्यांची डबकी झालेली असतात. वीज सकाळ-संध्याकाळ जास्त लागते, तसं पाणीही कमीजास्त सुटतं. त्यामुळं खाडीत कुठवर गोडं आणि कुठून खारं, ही रेघ इथं रोज हलते. एप्रिलात एका दुपारी खारटपणा मोजून "खाडी गोडी होत चालली" असा अहवाल लिहिणारा माणूस मी बघितलाय. त्या दिवशी जनित्रं किती चालली होती, हे त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मी त्या खाडीत आठ दिवस होतो. ओहोटीला एक बाई तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला उतरली होती. गुडघाभर चिखलात उभी राहून तिनं पायाच्या बोटांनी तळ चाचपला आणि मला म्हणाली, "इथं पायाला रेव लागायची. आता लोणी लागतंय." मी पाय घातला. खरंच लोणी. तिसरीला रेतीमिश्रित तळ लागतो, नळी वर काढून ती पाणी गाळून खाते. वर बारीक गाळाचा थर बसला की ती गुदमरते. त्या बाईच्या टोपलीत तासाभरात दोन ओंजळी निघाल्या असतील.

ते लोणी आलं कुठून, हे तुला घरच्या घरी बघता येईल. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात एखाद्या ओढ्याचं गढूळ पाणी दोन बाटल्यांत भर. एकीत चमचाभर मीठ टाकून हलव, दुसरी तशीच ठेव. मी हे आमच्या ओट्यावर करून बघितलं होतं. काकूनं आधी बडबड केली, मग तीच येऊन येऊन बघत होती. रात्रीपर्यंत मिठाची बाटली वरून निवळली नि तळाला बोटभर गाळ बसला. दुसरी दोन दिवसांनीही चहासारखीच होती. मातीचे अगदी बारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. मीठ लागलं की ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. डोंगरातून तीस-चाळीस किलोमीटर न थांबता आलेली माती नेमकी गोडं-खारं भेटतं तिथंच का बसते, ते या बाटलीत दिसतं. गावच्या सभेत नकाशे दाखवू नकोस, या दोन बाटल्या ठेव.

मग गाळ निघतो कुठून ते शोध. वरच्या अंगाला वणव्यानं जळालेलं गवत असतं. रानात ठिणगी पडते मार्च-एप्रिलात, आणि जूनचा पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो. खासगी रान तोडून कोळसा पाडलेले उतार असतात. काजू-आंब्यासाठी जेसीबीनं पायऱ्या पाडलेले डोंगर असतात. रस्त्याचं काम करून दरीत ढकललेला राडारोडा असतो. या चौघांत जास्त माती कुणाची, हे बाहेरून सांगता येत नाही. प्रत्येकाच्या खालच्या ओढ्यावर बाटली भर. पहिल्या पावसाची वेगळी, चौथ्या पावसाची वेगळी. बाटलीवर तारीख, वेळ, जागा. दोन पावसाळे एवढंच केलंस तरी तुझ्याजवळ जे असेल ते मोठमोठ्या अहवालांत नसतं.

"दोन पावसाळे?" म्हणशील. तुझे साहेब तर सहा महिन्यांत फोटो मागतील. म्हणून माझी एक चूक सांगतो, जी मी सहसा कुणाला सांगत नाही.

२००३ च्या दुष्काळात मी माण तालुक्यात होतो. लोक कावलेले, वरून निधी आलेला. एका गावचा ओढा खोल करायचा ठरलं आणि पुढाकार माझा. पोकलेन लावला. वरची माती गेली, मुरूम लागला, मुरूम संपला, काळा पाषाण लागला, तरी मी थांबवला नाही. खोल तेवढं पाणी जास्त, असं डोक्यात बसलेलं. पावसाळ्यात ओढा काठोकाठ भरला, लोकांनी पेढे वाटले. पुढच्या वर्षी काठावरच्या ज्या विहिरी होळीपर्यंत पुरायच्या, त्या संक्रांतीला तळ दाखवू लागल्या. आपल्याकडं पाणी साठतं ते मुरुमात नि मांजऱ्यात, म्हणजे झिजलेल्या मऊ खडकात, काळ्या पाषाणात नाही. ओढ्याचा तळ त्या थराच्या खाली नेल्यावर दोन्ही बाजूंचं साठलेलं पाणी ओढ्यात झिरपलं आणि वाहून गेलं. एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, "साहेब, रांजणाला खालनं भोक पाडलं तुम्ही." त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. नंतर मध्ये मध्ये बंधारे घालून थोडंफार सावरलं, पण पूर्वीसारखं झालं नाही.

हे तुला सांगायचं कारण असं. चिपळूणला पाय ठेवशील आणि पहिला माणूस म्हणेल, "गाळ काढा." त्याला हसू नकोस. २२ जुलै २०२१ ला त्याच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. त्याचं दुःख खरं आहे, शहराजवळचा काही गाळ काढावाही लागेल. पण कुठं, किती आणि कुठवर खोल, हे आधी ठरलं पाहिजे. खाडीचा तळ नुसता खोल केला की भरतीचं खारं पाणी आणखी वर चढतं, काठच्या विहिरी नि भातखाचरं खारवतात. आणि वरचा उतार उघडाच राहिला तर काढलेला गाळ चार पावसांत परत.

तसंच आमच्याकडचं शहाणपण उचलून तिकडं नेऊ नकोस. कोरेगावच्या वेळूनं २०१६ साली आणि माणच्या टाकेवाडीनं २०१८ साली पाणी फाउंडेशनचा वॉटर कप जिंकला, त्या गावांचं श्रमदान मी बघितलंय, अंगावर काटा आला होता. पण तिथं पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कोयनेकडच्या नवजाला पाच हजार ओलांडणं नवीन नाही. माणच्या माळावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, हे अमृत. घाटमाथ्याच्या तीव्र उतारावर तोच चर पाण्यानं तुंबला तर डोंगराला आतून भिजवून खाली आणू शकतो. २०२१ च्या त्याच जुलैत आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. मी नंतर तिथं गेलो होतो, त्याबद्दल लिहवत नाही. एवढंच लक्षात ठेव की तिकडं पाणी अडवण्याआधी माती धरायची आहे, आणि ती झाडं-गवताच्या मुळांनी धरायची आहे. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, उंबर, निरगुडी, वाळा. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा, म्हणजे गवत आधीच काढून मोकळी ठेवलेली पट्टी. ही कामं फोटोत काही दिसत नाहीत.

बंधारा घालायची वेळ आलीच तर आधी चढणीच्या माशांचा विचार कर. पहिल्या पावसात खाडीतले, नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांनी वर चढतात, अगदी भातखाचरात येतात. रायगडाकडं याला वलगण म्हणतात. आपण उत्साहानं जूनच्या तोंडावर सरळ उभी सिमेंटची भिंत घालतो, किंवा रस्त्याखालची मोरी अशी बसवतो की तिच्यातून पाणी हातभर उंचीवरून खाली पडतं. माशाला ती उडी जमत नाही. दगडांचा उतरता बांध घातला, एका बाजूला वाट ठेवली, तर तेवढ्याच खर्चात दोन्ही साधतं. मी हयातभर बांध घातले, पण हा विचार मला साठीनंतर सुचला. तोही एका मळ्याच्या पोरानं दाखवला म्हणून.

तिवरांचं, म्हणजे कांदळवनाचं, मी जास्त बोलणार नाही, ते तुला तिकडं शिकवतील. कांदळवनाला हात लावायचा नाही आणि भोवतीचे पन्नास मीटर मोकळे ठेवायचे, हा उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल मात्र पाठ करून ठेव, तलाठ्यापुढं कामाला येतो. रोपं लावायचा कार्यक्रम आला की एकच प्रश्न विचार: इथं पूर्वी तिवर होतं का? नसेल तर तो उघडा चिखल पक्ष्यांचा नि खेकड्यांचा आहे, तिथं लावलेली रोपं बहुतेक मरतात. असेल तर गेलं का? पुष्कळदा एखाद्या बांधानं नाहीतर बुजलेल्या मोरीनं भरतीच अडलेली असते. ती वाट मोकळी केली की बी आपोआप वाहत येतं नि रुजतं.

मोजमापाचं थोडं. पाण्यातला प्राणवायू पहाटे, उजाडायच्या आधी मोज. रात्रभर श्वास घेऊन पाणी तेव्हा सगळ्यात दमलेलं असतं. लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली गेला तर माशांसाठी ते पाणी बरं नाही. दुपारचा आकडा नेहमी गोड बोलतो. भरतीची वेळ कोळ्यांना विचार, ते तिथीला पाऊणपट करतात: अष्टमी असेल तर आठाच्या पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब खाडीच्या तोंडाचा. आत गोवळकोटपर्यंत यायला तिला उशीर लागतो, तो किती लागतो हे तू स्वतः काठी रोवून काढ. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान; उधाणाचा आकडा उधाणाशी आणि भांगाचा भांगाशीच ताडून बघायचा, नाहीतर सगळी वही फुकट.

माणसांचं काम सगळ्यात अवघड, आणि त्यात मी तुला काय सांगू, तुझ्याच तालुक्यात बळवडीला बळीराजा धरण आहे. येरळेतली वाळू ठेकेदार उपसून नेतात नि विहिरी आटतात, म्हणून लोक भांडले. मग त्यातलीच थोडी वाळू स्वतः विकून त्यांनी धरणाला पैसा उभा केला, आणि पाणी सगळ्यांना सारखं हे सूत्र धरलं. तू लहानपणी त्या भिंतीवर खेळली असशील. तुझ्या खाडीत रात्री सक्शन पंप लावून रेती काढणारेही आहेत, कारखान्याच्या पाण्यानं जाळी रिकामी आलेले कोळीही, भरतीचं पाणी अडवणारा खारबांध फुटला म्हणून भात गेलेला शेतकरीही, आणि डोंगरावर काजू लावून पोराची फी भरणाराही. हे चौघे एका सतरंजीवर बसलेले मी अजून बघितले नाहीत. तू बसव. पण पहिल्या वर्षी नको. पहिल्या वर्षी प्रत्येकाच्या घरी वेगवेगळा चहा पी.

पाऊस यंदा वेळेवर आला तर अजून पंधरा दिवस आहेत. काकूनं लोणच्याच्या रिकाम्या झालेल्या बरण्या धुऊन ठेवल्यात, बारा आहेत, सगळ्यांना झाकणं आहेत. पुढच्या रविवारी पाटण स्टँडवर उतर आणि घेऊन जा. येताना काही आणू नकोस. पुढच्या खेपेला मात्र सुका जवळा आण, काकूनं दोनदा सांगितलंय.

तुझा,
काका