देहदानानंतर राहून गेलेला निरोप

"आईची इच्छा आम्ही पाळली, पण त्यात बाकीच्यांचा निरोप हिरावला गेला का?" हा प्रश्न घेऊन नौपाड्यातील एक बाई माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई पहाटे गेली, आठच्या आत नेत्रदान झाले आणि वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी देह घेऊन गेली. तिरडी नाही, अग्नी नाही. डोंबिवलीहून निघालेली मावशी पोहोचली तेव्हा खोली रिकामी होती, आणि महिना उलटला तरी ती म्हणत होती, "ताईच्या तोंडात पाणीसुद्धा घालता आलं नाही मला."

देहदान केलेल्या घरांतून ही रुखरुख मी वारंवार ऐकली आहे आणि ती अंधश्रद्धा म्हणून झटकणे मला अन्यायाचे वाटते. त्या दिवशी कोण सावरलेले दिसले, असे मी विचारले. बाई थोडा विचार करून म्हणाल्या, "आमचे वॉचमनकाका." लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नसल्याने त्यांनीच एका बाजूने तो धरून तीन मजले खाली नेला होता. खांदा देणे, मडके धरणे, तोंडात पाणी घालणे या कृतींनी नेमके हेच साधते: आलेला माणूस नुसता बघ्या राहत नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम वर्डन यांनी १९८२ मध्ये शोकाची चार कार्ये, म्हणजे शोक करणाऱ्याने पार पाडायची कामे, मांडली, त्यांत मृत्यूचे वास्तव स्वीकारणे हे पहिले. मावशीला त्याची संधीच मिळाली नव्हती. दोष देहदानाचा नव्हता, घाईचा होता.

मग एका रविवारी बाईंनी नातलग आणि शेजारी घरी बोलावले. भाषणे ठेवली नाहीत. आईच्या कुंडीतला कढीपत्ता सगळी इमारत न्यायची, त्यामुळे बोलणे तिथूनच सुरू झाले, आणि कुणी तिच्या प्रेमाबरोबर तिच्या फटकळपणाचीही आठवण काढली तेव्हा आलेल्यांना ती खरी भेटली. मावशीने तांब्यातले पाणी त्या कुंडीत घातले आणि ती प्रथमच मोकळेपणी रडली.

बाईंच्या वडिलांनीही देहदानाचा अर्ज भरलेला आहे. नेत्रदान साधारण सहा तासांत व्हावे लागते आणि देहही लवकर पोहोचवावा लागतो, तरी त्यात तासाभराचे दर्शन बसते. म्हणून बापलेकींनी माझ्यासमोर बसून अर्जाच्या मागे दोन ओळी लिहिल्या: आधी मावशीला फोन करायचा, आणि गाडीपर्यंत सगळ्यांनी आळीपाळीने हात लावायचा.