य = २क्ष² − १२क्ष + ७ या अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) सममिती अक्ष, म्हणजे त्याचे दोन सारखे भाग करणारी रेषा, कसा काढायचा? सूत्र पाठ आहे, पण दर वेळी चिन्ह चुकतं.

सूत्र थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तो शेवटचा ७ पुसून टाका. त्याने आलेख फक्त वर-खाली सरकतो, आडवा तसूभरही हलत नाही. म्हणजे अक्ष जागच्या जागी राहतो. उरलं २क्ष² − १२क्ष, म्हणजेच २क्ष(क्ष − ६). हे शून्य कधी होतं? क्ष ० असताना आणि ६ असताना. दोन्हींच्या बरोबर मध्ये ३. अक्ष मिळाला: क्ष = ३.

तुम्ही पाठ केलेलं सूत्र, क्ष = −ब/२अ, हेच आहे (अ हा क्ष² चा सहगुणक, ब हा क्ष चा). एक मूळ, म्हणजे राशी शून्य करणारी क्ष ची किंमत, ०, आणि दुसरं काढायला क्ष चा सहगुणक क्ष² च्या सहगुणकाने भागून चिन्ह उलटायचं. मधला बिंदू हवा म्हणून त्याचं निम्मं, सूत्रातला २ तिथून येतो. तुमच्याकडे −१२ आहे, उलटून +१२. त्याला २ ने भागून ६, निम्मे ३. ७ सकट पूर्ण समीकरण सोडवायला गेलात तर ८८ चं वर्गमूळ गळ्यात पडतं, म्हणून मला ही वाट आवडते. मुळं वास्तव नसली तरीही ती चालते.

मी कोथरूडला घरी अकरावीच्या मुलांना शिकवतो. परवा एकीने हाच आलेख काढला होता. तिला म्हटलं, कागद क्ष = ३ वर दुमड आणि खिडकीशी धर. (२, −९) वर (४, −९) नेमका बसला, पण (१, −३) चा जोडीदार कुठेच दिसेना. तिने ५ पुढे −३ ऐवजी ३ मांडला होता. चूक तिची तिलाच सापडली, मला बोलावंही लागलं नाही.

उत्तरात नुसतं ३ लिहू नका; अक्ष ही रेषा आहे, क्ष = ३ असंच लिहा. शिरोबिंदू, म्हणजे अक्षावरचं आलेखाचं टोक, हवा असेल तर ३ मूळ समीकरणात घाला: १८ − ३६ + ७, म्हणजे (३, −११). आता तो पुसलेला ७ परत घ्यायला विसरू नका.

या रेषेचं खरं काम बघायचं तर आपल्या जिल्ह्यातच, नारायणगावजवळ खोडदला आहे. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. अन्वस्त स्वतःच्या अक्षाभोवती फिरवला की तसा आकार होतो. अक्षाला समांतर आलेल्या लहरीच नाभीत, म्हणजे अक्षावरच्या एका ठरावीक बिंदूत, एकवटतात, म्हणून आकाशातलं काही टिपायचं तर आधी तबकडीचा अक्ष त्याच्यावर रोखावा लागतो.