रात्री अडीचची प्रार्थना

ताई, सप्रेम सलाम. मी ३६ वर्षांची, दोन मुलांची आई. यजमान चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर होते, मार्चमध्ये ते काम सुटलं. आता मंगळवारी त्यांची एक मुलाखत आहे. तेव्हापासून रात्री अडीच-तीनला दचकून जाग येते. छातीत धडधड होते, तळहात ओले होतात, आता जीव जातो की काय असं वाटतं. ईसीजी, थायरॉईड सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. बुधवारच्या प्रार्थना सभेत मी हे बोलले, तर एक वडीलधाऱ्या भगिनी म्हणाल्या, "फिलिप्पैकरांस ४:६ वाच. चिंता म्हणजे अविश्वास. गोळ्या कशाला?" त्या दिवसापासून पाकीट तांदळाच्या डब्यामागे तसंच आहे आणि मी सभेलाही गेले नाही. प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत. माझा विश्वास खोटा आहे का?
– एक भगिनी, पिंपरी-चिंचवड

प्रिय बेटी,

सप्रेम सलाम. आधी उत्तर देते, कारणं मागाहून. नाही, तुझा विश्वास खोटा नाही. आणि ते पाकीट आजच डब्यामागून बाहेर काढ.

त्या भगिनींनी दाखवलेलं 'चिंताक्रांत होऊ नका' हे बायबलमधलं वचन खरंच आहे, पण त्या अर्ध्यावर थांबल्या. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला ते पत्र बंदिवासात लिहिलं. त्याच पत्राचा दुसरा अध्याय उघड. त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारात जाऊन आला होता. पौल कबूल करतो की तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, आणि आता त्याला तुमच्याकडे धाडतो म्हणजे माझंही दुःख हलकं होईल. करिंथकरांना दुसऱ्या पत्रात तर तो उघडच लिहितो, सगळ्या मंडळ्यांची चिंता माझ्यावर रोज असते. मूळ ग्रीकमध्ये तिथला 'चिंता' हा शब्द आणि 'चिंताक्रांत होऊ नका' यातला शब्द एकाच मुळाचे आहेत. मग पौल अविश्वासू होता का? 'चिंताक्रांत होऊ नका' हा तुझ्यावर ठेवलेला आरोप नाही. वाक्य पुढे जातं आणि चिंतेचं काय करायचं ते सांगतं: प्रार्थना करून, आभार मानून आपली मागणी देवाला कळवा. ज्याला मागायचंच काही नाही त्याला कोण सांगेल 'कळवा' म्हणून?

प्रेषित पेत्र देवाविषयी म्हणतो, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. हे 'टाका' मूळ भाषेत नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात शिष्य शिंगराच्या पाठीवर आपली वस्त्रं टाकतात, तिथे. मला ते चित्र फार आवडतं. अंगावरचं उतरवून दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचं. चालता चालता घसरलं तर परत टाकायचं. घसरलं म्हणून कुणी शिष्यांना रागावत नाही. आणि आपल्या मराठीत बघ, काळजी करणं आणि काळजी घेणं यांत शब्द एकच आहे. करणं तुझ्याकडे आलंय, घेणं त्याच्याकडे आहे.

मी ३१ वर्षं नर्स होते, त्यातली कितीतरी वर्षं रात्रपाळीत गेली. अडीच ते चार ही वेळ मी ओळखते. दिवसभर हसतखेळत असलेला पेशंट त्या वेळी बेडची कड घट्ट धरून बसलेला असायचा. "सिस्टर, माझं हृदय बंद पडतंय." नाडी बघायची, ती जलद पण नियमित लागायची. मी स्टूल ओढून शेजारी बसायचे, हात हातात घ्यायचे. दहा-पंधरा मिनिटांत नाडी खाली यायची. त्या हातांचा ओला गारवा अजून माझ्या तळहाताला आठवतो.

म्हणून जाग आली की धडधड थांबावी म्हणून प्रार्थना करू नकोस. तशी केलीस की लक्ष सगळं छातीकडे जातं, थांबली का, अजून का नाही थांबली, आणि ती वाढते. उठून बस, पाय फरशीला टेकव. श्वास आत घेताना मनात म्हण, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', आणि सावकाश, जरा लांबवून सोडताना, 'मला काही उणे पडणार नाही'. एवढंच, पुन्हा पुन्हा. वेगळे शब्द शोधू नकोस. गेथशेमाने बागेत, धरला जाण्याआधी, प्रभू येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं मत्तय लिहितो. त्याचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता आणि त्याने शिष्यांना सांगितलं, माझ्याबरोबर जागे राहा. प्रभूलाही सोबत हवी होती. तू यजमानांना उठव. काम गेल्याचा भार त्यांच्यावरही आहे, कदाचित तेही डोळे मिटून जागेच असतील.

दिवसा एक वही घे आणि चिंता नावानिशी लिही. 'प्रभू, सगळं ठीक कर' असं नको. 'जूनची शाळेची फी', 'घरभाडं, पाच तारीख', 'यांची मंगळवारची मुलाखत' असं. कळवणं म्हणजे हेच. शेजारी त्या दिवसाची एखादी आभाराची गोष्ट लिही, अगदी पाणी वेळेवर आलं एवढीसुद्धा.

आता गोळ्या. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने पळाला, झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवदूताने त्याला अविश्वासू म्हटलं नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि उठवून पुन्हा खायला घातलं. शरीराची व्यवस्था आधी झाली, देवाचं बाकीचं बोलणं होरेब डोंगरावर गेल्यावर. लूक वैद्य होता आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. आपल्याच मिशनने मिरजेत १८९४ साली दवाखाना उभा केला. इन्सुलिन घेणाऱ्याला आपण विश्वास कमी पडला म्हणत नाही, मग या आजारालाच का म्हणायचं? मला यात जराही शंका नाही.

पण पाकीट आपल्या मनाने सुरू करू नकोस. डॉक्टरांना फोन करून सांग की इतके दिवस घेतलेल्या नाहीत, कशा सुरू करू. यातल्या बऱ्याच औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला थोडी बेचैनीही वाटू शकते. तेव्हा घाबरून सोडू नकोस, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नकोस. समुपदेशनाचंही विचार. कधी जगणं नको असं वाटलं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. १४४१६ ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

राहिली सभा. त्या भगिनींना क्षमा कर. मला स्वतःला माझ्या यजमानांच्या बायपासच्या वेळी असंच एकीने ऐकवलं होतं, आणि मी सहा महिने प्रभुभोजनाला गेले नाही. नुकसान माझंच झालं. पुढच्या बुधवारी तू जा. साक्ष द्यायची नाही, काही सांगायचंही नाही. मागच्या बाकावर बस, गीत म्हणता आलं तर म्हण. त्याआधी पाळकांच्या पत्नीला किंवा जिच्यावर तुझा भरवसा आहे अशा एकीला भेट आणि विचार, रात्री अडीचला तुम्हाला फोन केला तर चालेल का?

त्या काय म्हणाल्या ते मला कळव. तुझ्या यजमानांच्या मुलाखतीचंही. मंगळवार मी माझ्या वहीत लिहून ठेवला आहे.

तुझी,
ताई