हार्डटेल सायकलचा पुढचा शॉकअप बदलायचाय, १०० मिमीच्या जागी १४० चा टाकू का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, सहा वर्षांपूर्वीची साडेसत्तावीस इंची चाकांची हार्डटेल (मागे शॉकअप नसलेली सायकल) आहे, तिचा मूळचा १०० मिमीचा, म्हणजे तेवढा दबणारा, स्प्रिंगवाला शॉकअप आता खडखडतो, वजन ८४ किलो, चालवता यवतेश्वराकडच्या पायवाटांवर, आणि दुकानदार म्हणतोय "१४० चा टाका, गाडी लोण्यासारखी चालेल". १४० चा टाकू नका. १०० चाच, फार तर १२० चा, आणि हवेवर चालणारा घ्या. पण पैसे मोजण्याआधी एक संध्याकाळ फ्रेम मोजा. शॉकअप आपण निवडतो असं आपल्याला वाटतं. खरं तर जुन्या फ्रेमला काय बसतं यावरच निम्मा निकाल लागलेला असतो.

पहिल्यांदा खडखड नक्की कुठून येते ते बघा. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागे-पुढे हलवा. दुसऱ्या हाताचं बोट हँडलखालच्या नळीच्या (हेडट्यूबच्या) खालच्या टोकाशी, कप (बेअरिंगची वाटी) आणि शॉकअप जिथे भेटतात तिथे ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर दुखणं हेडसेटचं, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं त्या बेअरिंगांचं आहे. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट सैल करायचे, वरचा टोपीचा बोल्ट किंचित आवळायचा, पुन्हा बाजूचे कसायचे, झालं. शॉकअप बदलायला निघालेल्या दोघा-तिघांचा प्रश्न माझ्यासमोर एवढ्यावर सुटलाय. हालचाल वरच्या चकचकीत नळ्या खालच्या पायांत शिरतात तिथे असेल तर आतले बुश गेले. मग त्या नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकलं, किंवा मुलामा उडून खालचा धातू दिसायला लागलाय, तर स्वस्तातल्या शॉकअपवर आणखी खर्च करू नका. नुसताच जाम असेल तर मात्र खालचे दोन बोल्ट काढून, पाय ओढून, पुसून, नवं ग्रीस भरून बघा. दोन पावसाळे चिखलात गेलेली सायकल एवढ्यानेही जागी होते.

आता मोजमाप. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टीअरर, शॉकअपची फ्रेममधून वर जाणारी नळी. जुन्या सायकलींत ती खालपासून वरपर्यंत एकाच जाडीची असते, १ १/८ इंच, म्हणजे २८.६ मिमी. आजचे बहुतेक बरे शॉकअप निमुळत्या नळीचे येतात, वर १ १/८ आणि खाली दीड इंच. निमुळती नळी सरळ हेडट्यूबच्या फ्रेममध्ये तशीच जात नाही. उलट जमतं: फ्रेम निमुळत्या नळीची असेल तर खालच्या बेअरिंगसाठी जाड रिंग घालून सरळ नळीचा शॉकअप बसवता येतो.

तुमची फ्रेम सहा वर्षांपूर्वीची म्हणजे दोन्ही शक्यता आहेत. हेडट्यूब खाली स्पष्ट जाड होत गेलेली दिसली तर सुटलात, निवडीला मैदान मोकळं. वर-खाली सारखीच असेल तर कप बघा. कप नळीच्या बाहेर, वाटीसारखे ठसठशीत दिसत असतील तर आतला व्यास बहुधा ३४ मिमी. तुम्हाला सरळ नळीचाच शॉकअप घ्यावा लागणार. कप आत बसलेले आणि बाहेर नुसती पातळ कड दिसत असेल, नळी बाहेरून जवळपास ५० मिमी भरत असेल, तर आतला व्यास ४४ मिमी असण्याची शक्यता आहे. इथे एक पळवाट आहे: खालचा कप बदलून बाहेर बसणारा 'ईसी ४४/४०' घातला की निमुळता शॉकअप बसतो. मात्र त्या कपामुळे पुढची बाजू साधारण एक सेंटिमीटर उचलली जाते. हा एक सेंटिमीटर लक्षात ठेवा, पुढे हिशेबात लागेल. व्हर्निअर नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडे सायकल घेऊन जा, चहाच्या बदल्यात मोजून देतो.

दुसरी मेख हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची. तुमचं पुढचं चाक बहुधा क्विक रिलीजचं (खटक्याने सुटणारं), १०० मिमी रुंद, ९ मिमीच्या आसाचं असेल. नव्या शॉकअपमध्ये सहसा १५ मिमीचा, आरपार जाणारा थ्रू अ‍ॅक्सल असतो, आणि रुंदी बहुतेक वेळा ११० मिमी, ज्याला बूस्ट म्हणतात. हबच्या टोप्या बदलून १५ मिमीचा आस घेता येतो, पण हब मुळात तसा बनवलेला असेल तरच. १५ बाय १०० चं चाक बूस्टमध्ये बसवायला दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमीच्या टोप्या आणि डिस्कखाली तेवढीच चकती असा संच मिळतो. साध्या क्विक रिलीजच्या हबाला यातलं काहीच लागू पडत नाही. नवा हब घेऊन चाक पुन्हा विणावं लागतं, म्हणजे हब, तारा, मजुरी आणि चार दिवस सायकल दुकानात. त्यामुळे शॉकअपची किंमत बघताना चाकाची किंमत त्यात धरा. ती बेरीज सायकलच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेली तर मी तरी थांबेन आणि पुढच्या सायकलसाठी पैसे बाजूला टाकेन.

डिस्क ब्रेकचंही एकदा बघा. शॉकअपवर कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) थेट १६० मिमीच्या डिस्कसाठी बसतो की १८० च्या, ते लिहिलेलं असतं. १८० साठी बनवलेल्यावर १६० ची डिस्क चालत नाही, मोठी घ्यावी लागते. उलट असेल तर अ‍ॅडॅप्टर पुरतो.

आता १४० बद्दल. ट्रॅव्हल (शॉकअप किती मिमी दबतो) जास्त म्हणजे आराम जास्त, हे दुकानातलं गणित आहे. शॉकअप लांब झाला की सायकलचं नाक वर जातं. आसापासून हेडसेटच्या खालच्या बैठकीपर्यंतची लांबी २० मिमीने वाढली तर हेडट्यूबचा कोन साधारण एक अंशाने आडवा होतो, सीटही तेवढीच मागे कलते आणि पॅडल सात-आठ मिमी उंच होतात. एक अंश खपून जातो. उतारावर थोडं बरंच वाटतं, म्हणून १२० पर्यंत माझी हरकत नाही. ४० मिमीला दोन अंश, आणि वर सांगितलेला कप घातला तर अडीच. मी एकदा एका ओळखीच्याची अशी वाढवलेली सायकल पुण्यातल्या वेताळ टेकडीवर चालवली होती. खाली येताना राजा, वर जाताना पुढचं चाक बैलगाडीच्या जुवासारखं इकडून तिकडे. चढावर चाक जमिनीवर राहावं म्हणून मी हँडलवर जवळपास झोपलो होतो. तुम्हाला यवतेश्वर उतरायच्या आधी चढायचंय.

हार्डटेलची आणखी एक गोष्ट आहे. मागे काही दबत नाही, त्यामुळे पुढचा शॉकअप दबला की सगळी सायकल पुढे झुकते आणि कोन उभा होतो. १०० मिमीत ही उलथापालथ पाच अंशांच्या आसपास, १४० मध्ये सात. म्हणजे जो आडवा कोन मिळावा म्हणून लांब शॉकअप घेतला, तो नेमका मोठ्या दगडावर, जिथे हवा असतो तिथे, नाहीसा होतो. शिवाय लांब शॉकअप तरफेसारखा हेडट्यूबच्या जोडावर जोर टाकतो. १०० साठी केलेली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम हा जोर किती दिवस सोसेल, याची हमी कंपनीसुद्धा देत नाही. म्हणून ट्रॅव्हलच्या आकड्यावर न जाता आसापासून बैठकीपर्यंतची लांबी जुन्याची टेपने मोजा, नव्याची तपशिलाच्या पानावर बघा, आणि फरक २० मिमीच्या आत ठेवा, कप धरून.

हवेचाच का, तर तुमच्या वजनामुळे. स्प्रिंग एका सरासरी माणसासाठी निवडलेली असते. ८४ किलोचा माणूस आणि त्याच्या पाठीवरची पाण्याची पिशवी तिच्या हिशेबात नसते. वरचा फिरवायचा गोल खटका स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवतो, तिचा कडकपणा तेवढाच राहतो. हे समजायला मला दोन वर्षं लागली. हवेच्या शॉकअपमध्ये शॉक पंपाने दाब वाढवला की खरोखर कडक होतो. १०० मिमीच्या शॉकअपवर तयारीनिशी, हेल्मेट-पिशवीसकट, स्थिर बसलात की तो २० ते २५ मिमी दबला पाहिजे. नळीवर रबरी रिंग नसेल तर एक झिप टाय सैलसर बांधा, बसा, हळूच उतरा आणि ती कुठे सरकली ते मोजा. शॉकअपच्या पायाला चिकटवलेला वजन-दाबाचा तक्ता सुरुवातीपुरता ठीक.

लॉकआउटवर (शॉकअपचं दबणं बंद करणाऱ्या सोयीवर) भाळू नका. मी रिबाउंडचा खटका आहे का ते आधी बघतो. दबलेला शॉकअप किती वेगाने परत यावा हे त्याने ठरतं. तो नसलेला, किंवा आत तेलाऐवजी नुसतं घर्षणच रोखणारा शॉकअप सुट्या मुरमावर चाकाला चेंडूसारखा उडवतो, आणि जड माणसाला जास्तच, कारण हवेचा दाब जास्त म्हणजे परतीचा धक्काही जास्त. सनटूर कंपनीच्या शॉकअपच्या नावापुढे 'एलओ-आर' असेल तर लॉकआउट आणि रिबाउंड दोन्ही आहेत, 'आरएलआर' म्हणजे लॉकआउटचा खटका हँडलवर, रिबाउंडही आहे. नुसतं 'आरएल' असेल तर रिबाउंड नाही.

आता नावं. सरळ नळी आणि क्विक रिलीज असेल तर सनटूर एक्ससीआर एअर किंवा रायडॉन, नाहीतर रॉकशॉक्स कंपनीचा जुडी सिल्व्हर, यांचे सरळ नळीचे प्रकार शोधा. फ्रेम निमुळती असेल आणि चाकावर खर्च करायची तयारी असेल तर रॉकशॉक्स रेकॉन किंवा रेबा. रेबा हलका आहे, पण तुमच्या वजनाला आणि वाटांना रेकॉन पुरेसा आहे असं माझं मत. एक सावधगिरी: एक्ससीआर आणि रेकॉन एकाच नावाखाली स्प्रिंगचे आणि हवेचे असे दोन्ही आलेत, तेव्हा 'एअर' हा शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घेण्याआधी दुकानदाराला विचारा की याचे धूळ-सील आणि फोम रिंग इथे मिळतात का. रॉकशॉक्स खालच्या पायांची सफाई आणि तेलबदल दर ५० तासांनी सांगते; आपल्या पावसाळ्यात त्याच्या आधीच करावा लागतो. सील मागवायला दोन महिने लागणार असतील तर स्वस्तात मिळालेला शॉकअपही महागात पडतो.

जुना घ्यायचा विचार असेल तर स्टीअररची लांबी विचारल्याशिवाय पुढे बोलू नका. मी एक उत्तम अवस्थेतला शॉकअप ऑनलाइन जाहिरातीवरून घेतला होता. फोटोत नवाकोरा, चालतही झकास. माझी हेडट्यूब १३० मिमी, खालचा कप १२, वरचा कप आणि टोपी २०, स्टेम ४०. बेरीज २०२. आलेली नळी १७८ ची. आधीच्या मालकाची फ्रेम लहान होती, त्याने त्याच्या मापाने कापलेली, आणि कापलेली नळी जोडून वाढवता येत नाही. विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. तो शॉकअप अजून माळ्यावर आहे. घरच्यांना तो दिवाळीच्या सफाईत दरवर्षी दिसतो.

नवा आणलात तर नळी लांब येईल आणि कापावी लागेल. तुमची ही बेरीज काढा आणि त्यावर २० मिमीचे स्पेसर (नळीवर चढवायच्या रिंगा) ठेवूनच कापून घ्या. हँडल किती उंच हवं ते महिनाभर चालवल्याशिवाय कळत नाही. स्पेसर आणि स्टेम चढवल्यावर नळीचं टोक सगळ्यात वरच्या कडेपेक्षा तीन मिमी खाली हवं, नाहीतर टोपी आवळूनही हेडसेट खडखडतच राहील. जुन्या शॉकअपवरची खालच्या बेअरिंगची रिंग काढून नव्यावर बसवायला सांगा. ती हातोडी-छिन्नीने काढणारा मेकॅनिक दिसला तर नवी रिंग घ्या.