डबो माझो काय कंपनीचो?

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप मिळून जे आलं त्यातलं निम्मं एकाच रडगाण्याचं आहे, पैसे आम्ही भरायचे आणि मर्जी चालणार दुसऱ्याची. रत्नागिरीत मी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्यामुळे असले प्रश्न आले की माझी जीभ जरा सुटते. संपादक म्हणाले आवरा, मी म्हटलं बघू.

प्रश्न (देवगडहून एक वहिनी): काका, तीन वर्षांमागे डिशचो डबो पैसे मोजून घेतलंय. आता ती कंपनी महाग पडता म्हणून दुसरी लावूक गेलंय तर तो माणूस म्हणता डबो पण नवीन घेवचो लागतलो. मगे ह्यो डबो माझो काय कंपनीचो?

उत्तर: वहिनी, डबा तुमचा, किल्ली कंपनीची. वरून उपग्रहाकडून या पैसेवाल्या डिश कंपन्यांचं जे येतं ते कुलूपबंद येतं, ते उघडायची किल्ली डब्यातल्या कार्डात नाहीतर चिपमध्ये असते, आणि प्रत्येक कंपनीचं कुलूप वेगळं. म्हणजे पावती तुमच्या नावावर असली तरी दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो नुसता पत्र्याचा आणि प्लास्टिकचा तुकडा. हे असंच असायला पाहिजे असं काही नाही हां, मोबाईलचं बघा, २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि हँडसेट तर कधीच फेकावा लागत नाही. टीव्हीच्या डब्यालाही तसंच करा, कुठलाही डबा कुठल्याही कंपनीला चालला पाहिजे, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे टीव्ही-मोबाईलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० साली केली होती. शिफारस झाली, डबे मात्र होते तिथेच आहेत. माझ्या दुकानाच्या माळ्यावर असे सतरा डबे पडलेत, सगळे चांगले चालणारे, भंगारवाला वजनावर घेतो म्हणून मी देत नाही इतकंच.

दर महिन्याची कटकट नको असेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे, छत्री आणि डबा एकदा घेतलात की झालं, मासिक भाडं नाही. फक्त त्यावर कुठलं खासगी चॅनल असणार ते लिलावात ठरतं. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपली फुकटातली हिंदी चॅनल त्यावरून एकदम काढून घेतली होती आणि २०२० मध्ये परत आणून ठेवली, तेव्हा तिथेही मर्जी त्यांचीच.

प्रश्न (गुहागर, वय २४, नोकरी मुंबईला): काका, गणपतीला गावी येताना चार सिनेमे मोबाईलमध्ये डाउनलोड करून आणले, अॅपचे वर्षाचे पैसे भरलेले आहेत. आमच्याकडे रेंज फक्त देवळामागच्या चढावर. तिसऱ्या रात्री आरती झाल्यावर सगळे पडवीत जमले, लावायला गेलो तर एकच उघडला, बाकीचे म्हणे नेट चालू करा. मग याला डाउनलोड कशाला म्हणायचं? सगळ्यांसमोर माझी फजिती झाली ती वेगळीच.

उत्तर: फजितीचं मी काही करू शकत नाही, पण कारण सांगतो. तुझ्या मोबाईलमध्ये आलं ते कडीकुलूप लावलेलं कपाट, सोबत मिळालेली किल्ली मुदतीची. मुदत संपली की अॅपला सर्व्हरकडे परत विचारायला जावं लागतं आणि तुझा सर्व्हर देवळामागच्या चढावर. बऱ्याच अॅपमध्ये सिनेमा एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो, तू बसमध्ये थोडा थोडा उघडून बघितला असशील तर तिथेच घड्याळ सुरू झालं. अँड्रॉइड फोनमध्ये हे कुलूप बहुतेक ठिकाणी गूगलचं असतं, वाइडवाइन म्हणून, आणि त्याच्याही पायऱ्या आहेत. वरच्या पायरीचा फोन असेल तर चित्र लख्ख, खालच्या पायरीच्या स्वस्त फोनला तेच पैसे भरून अंधुक चित्र, वर्गणीत सूट मात्र नाही.

आणि हे भाड्याचंच होतं असं समजू नको, विकत घेतलेल्याचंही तेच. २००९ मध्ये अमेरिकेत अॅमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तकं त्यांच्या किंडलमधून, म्हणजे पुस्तक वाचायच्या यंत्रातून, परस्पर पुसून टाकली, का तर विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, नंतर मालकाने माफीही मागितली, पण म्हणजे तुमच्या घरात शिरून कपाटातलं पुस्तक उचलायची सोय आधीपासून करून ठेवलेली होती ना! आमच्या वेळी गणपतीला व्हीसीआर भाड्याने आणायचो, सगळी वाडी खळ्यात बसायची, कॅसेट अडकली तर पेन्सिलीने गुंडाळून परत लावायची. कॅसेटने कधी कोणाला परवानगी विचारली नाही.

आता यातली गंमत ऐक, कारण मला विचारशील तर सगळ्याचं मूळ इथे आहे. सोनी कंपनी जेव्हा मुख्यतः डबे बनवायची तेव्हा तिने टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचं यंत्र काढलं, बेटामॅक्स. युनिव्हर्सल आणि डिस्नेने १९७६ मध्ये तिच्यावर खटला भरला, लोक आमचे कार्यक्रम चोरतात म्हणून. सोनी आठ वर्षं लढली आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी जिंकली, घरी बसून नंतर बघायला रेकॉर्ड करणं गुन्हा नाही असं ठरलं. आज जगात कोणी काहीही रेकॉर्ड करून बघतो त्यात त्या निकालाचा वाटा आहे. पण पुढे काय झालं, १९८८ मध्ये सोनीने सीबीएसची रेकॉर्ड कंपनी घेतली, १९८९ मध्ये कोलंबिया हा सिनेमा स्टुडिओ घेतला, म्हणजे आता गाणीही तिची आणि वाजवायचं यंत्रही तिचं. मग लागली कंपनी स्वतःशीच भांडायला. वॉकमन ज्यांनी जगाला दिला त्यांच्याच डिजिटल वॉकमनमध्ये साधी एमपीथ्री फाईल २००४ पर्यंत सरळ वाजत नव्हती, आधी त्यांच्या फॉर्मेटमध्ये बदलून घ्या, आणि तोवर २००१ ला आलेला अॅपलचा आयपॉड बाजार घेऊन गेला. २००५ मध्ये तर कहर झाला, सोनी बीएमजी या सोनीच्या भागीदारीतल्या कंपनीच्या गाण्याच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की गुपचूप एक प्रोग्रॅम विंडोजच्या आत जाऊन लपायचा, कॉपी होऊ नये म्हणून, आणि त्याने केलेल्या लपायच्या जागेत व्हायरसवाल्यांचंही फावलं. बोंबाबोंब झाली, खटले झाले, सीडी परत घ्याव्या लागल्या. कंपनी तीच, इंजिनियर तसेच, फक्त मधल्या काळात ती गाण्यांची मालक झाली होती.

तेव्हा आपल्याकडे त्या सीडी फारशा आल्या नसतील, पण कॉपी रोखणारी कसलीतरी सीडी घेऊन एक गिऱ्हाईक माझ्याकडे आलं होतं, साडेतीनशे रुपयांची ओरिजनल, गाडीत वाजेना, आणि स्टँडवरची तीस रुपयांची डुप्लिकेट मात्र मस्त वाजायची. तो मला विचारतो, मी प्रामाणिकपणा केला तो चुकला का? मी त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार.

कुलूप फोडण्याबद्दल विचारू नको. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५-ए आलं, हक्क बुडवायच्या इराद्याने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा आपलं कलम नरम आहे, कायद्याने मुभा असलेल्या कामासाठी तोडलं तर सवलत आहे, पण पडवीत सिनेमा बघायला एवढ्या भानगडीत पडू नये. पुढच्या वर्षी निघायच्या आदल्या रात्री नेट असताना अॅप उघड, डाउनलोडच्या यादीत कुठेतरी मुदत किती उरली ते लिहिलेलं असतं, ते बघ आणि सिनेमा सुरू मात्र करू नकोस.

प्रश्न (मालवण, सूनबाई): काका, सासूबाई स्टार प्रवाहच्या, मी कलर्स मराठीची, रोज साडेसातला रिमोटवरून वाजतं. मुलगा म्हणतो दोन्ही कंपन्या एक झाल्या, तुम्ही भांडता कशाला. खरं का? आणि झाल्या तर आम्हाला काय त्याचं?

उत्तर: मुलगा उगाच बोलत नाही. कलर्स मराठी म्हणजे पूर्वीचं ई टीव्ही मराठी, नाव २०१५ ला बदललं, ते रिलायन्सच्या वायकॉम१८ कडे होतं, आणि प्रवाह डिस्नेच्या स्टारकडे. १४ नोव्हेंबर २०२४ ला हे दोन्ही गट विलीन झाले, जिओस्टार, सत्तर हजार कोटींच्या वरचा व्यवहार. स्पर्धा आयोगाने ऑगस्टमध्ये परवानगी दिली ती अटी घालून, त्यात काही चॅनल विकायची अटही होती. तुमचं भांडण चालू ठेवायला हरकत नाही, पण रिमोट कोणाच्याही हातात गेला तरी वरच्या माणसाला फारशी काळजी नाही.

काय त्याचं म्हणता, तर क्रिकेटचं बघा. २०२३ पासूनच्या पाच वर्षांसाठी आयपीएल टीव्हीवर स्टारने घेतलं आणि मोबाईलवर वायकॉम१८ ने, दोघे समोरासमोर. मोबाईलवाल्याने २०२३ ला सगळी मॅच फुकट दाखवून टाकली, आमच्या जेटीवरची पोरं जाळी विणता विणता बघायची. मग दोघे एक झाले आणि २०२५ ला थोडा वेळ फुकट, नंतर सबस्क्रिप्शन, नाहीतर जिओचं ठराविक रिचार्ज मारा. भांडणारे दोन होते तोवर आपलं चाललं होतं.

आणि नुसतं चॅनल नाही. चॅनल रिलायन्सचं, अॅप त्यांचं, सिम त्यांचं, घरातली फायबर त्यांची, शिवाय हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्यांतही २०१८-१९ मध्ये रिलायन्सने मोठा हिस्सा घेतलाय. बातम्यांचं नेटवर्क१८ २०१४ पासून त्यांच्याकडेच, एनडीटीव्ही २०२२ ला अदानींकडे गेलं. मी कोणाला वाईट म्हणत नाही, धंदा आहे, पण बंदर, होड्या, बर्फाचा कारखाना आणि लिलाववाला सगळं एकाच घरचं झालं तर मासळीचा भाव कोण ठरवणार ते मालवणात मी सांगायला नको.

बिलाबद्दलही लिहिलंय तुम्ही. २०१९ पासून नियम असा आहे की चॅनल सुटी निवडता येतात, मूळ भाडं वेगळं आणि वर चॅनलचे पैसे. मूळ भाड्याला तेव्हा १३० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती, ती २०२४ मध्ये काढली. पण सुरमई सुटी घ्याल तर महाग, सोबत बांगडे-बोंबलांचा वाटा घेतलात तर वाटा स्वस्त, म्हणून सगळे वाटाच उचलतात. एकदा बसून यादी काढा, न बघितलेली चॅनल किती ती मोजा, सासूबाईंना घेऊन बसा, तेवढ्यात साडेसात वाजून जातील.

प्रश्न (वेंगुर्ला): गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक मोबाईलवर शूट करून नेटवर टाकलं, मंडळाला विचारून. दुसऱ्या दिवशी मधली वीस मिनिटं मुकी, निरोप आला की संगीत दुसऱ्या कोणाच्या मालकीचं आहे. पेटीवाला आमच्याच वाडीतला!

उत्तर: तिथे माणूस बसलेला नसतो. मशीन तुमचा आवाज कंपन्यांनी दिलेल्या गाण्यांशी ताडून बघतं, पेटीवाल्याने रंगात येऊन एखादी ओळखीची चाल घेतली की पकडतं. हरकत घ्यायचं बटण असतं, ते दाबा, मंडळाची परवानगी कागदावर घेऊन ठेवा. नाट्यपद खरंच कोणाचं हक्काचं असेल तर मात्र कंपनीचं बरोबर, ते आधी बघा. बाकी आपल्या कायद्यात कलाकाराचा हक्क म्हणून वेगळी तरतूद आहे, कलम ३८, पन्नास वर्षांचा, म्हणजे त्या रात्रीच्या सादरीकरणावर पहिला हक्क राजाचं काम करणाऱ्याचा आणि त्या पेटीवाल्याचा. हे त्याला सांगा, बरं वाटेल. मूळ फाईल दोन पेन ड्राइव्हवर ठेवा, एक मंडळाकडे.

प्रश्न (दापोली, वय ७८): माझ्या ट्रान्झिस्टरला महिन्याचं काही भरावं लागतं का? नातू घाबरवतो.

उत्तर: नाही हो आजी. एके काळी रेडिओलाही लायसन्स होतं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, ते केव्हाच बंद झालं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ झालं, तुमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, टॉवर पडलेले, तेव्हा हाच बोलत होता ते नातवाला सांगा. फक्त वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवत जा, पाझरले की आतली पट्टी गंजते, आणि आपल्या खाऱ्या हवेत तर दोन पावसाळेही टिकत नाही. गंजलीच असेल तर लिंबाची फोड फिरवा, कोरडी पुसा, मग सेल घाला.