घरच्या इंकजेट प्रिंटरवर उत्तम उतरलेले फोटो छापून आलेल्या फोटोबुकात निस्तेज का दिसतात?

सारंगखेड्याच्या यात्रेचे आणि काठी गावच्या होळीचे फोटो फोटोबुकात मंद व काळपट आले, असे आपण लिहिले आहे. यात मुख्य फरक यंत्राचा आणि कागदाचा आहे. एकेक प्रत छापून देणारी बहुतेक फोटोबुके डिजिटल प्रेसवर, सामान्यतः निळसर, किरमिजी, पिवळा व काळा या चार रंगांत छापली जातात, तर फोटोंसाठीच्या चांगल्या इंकजेटमध्ये सहा ते बारा शाया असतात आणि शाई शोषून घेणाऱ्या लेपाच्या कागदावर तिचे थेंब इतके बारीक पडतात की छटा सलग भासतात. त्यामुळे रावेर-यावलच्या केळीबागांचा गर्द हिरवा किंवा होळीच्या ज्वाळांचा तेजस्वी केशरी रंग प्रेसवर मिळणे अवघडच असते. रात्रीच्या फोटोंतील अंधाराचे तपशील तर सर्वांत आधी बुडतात, आणि माझ्या मते आपले खरे नुकसान तिथेच झाले आहे.

फाइल पाठवण्यापूर्वी स्क्रीनची प्रकाशमानता बरीच कमी करून फोटो पाहावेत, गडद भाग थोडे उजळावेत, छापणाऱ्याने दिलेले रंगप्रोफाइल (त्याच्या यंत्रावर व कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) वापरावे आणि छपाईच्या आकारात इंचाला 300 पिक्सेल ठेवावेत. संपूर्ण पुस्तकाआधी एकच नमुना प्रत अवश्य मागवावी.

भिंतीवर लावायचे मोजके फोटो मात्र घरीच, पिगमेंट शाईने (बारीक रंगकणांच्या शाईने) छापावेत. जळगाव-धुळ्याच्या कोरड्या उन्हाळ्यात प्रिंटर बंद राहिल्यास नोझलमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई सुकते, म्हणून आठवड्यातून एखादे रंगीत पान काढत राहावे.